जुन्या प्रोसेसरची किंमत वजनकाट्यावर ठरवू नका

ऑक्टोबर २०२५ मध्ये एकाच आठवड्याच्या अंतराने दोन बातम्या आल्या. पहिली, आंतरराष्ट्रीय बाजारात सोनं पहिल्यांदाच औंसाला ४००० डॉलरच्या वर गेलं. आपल्याकडे तर त्याआधीच तोळ्याने लाखाचा आकडा ओलांडला होता. दुसरी, १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी कंपनीची अट साधारण २०१७ नंतरच्या प्रोसेसरची आहे, त्यामुळे चालू स्थितीतले असंख्य कॉम्प्युटर एका रात्रीत 'जुने' ठरले.

वरवर बघता या दोन बातम्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण त्या दोन्ही एका ठिकाणी येऊन भेटतात, ते म्हणजे घरातलं माळ्यावरचं खोकं किंवा ऑफिसची अडगळीची खोली. नवीन मशीन आलं की जुनं बाहेर निघतं, आणि जुनं काढताना त्याच्या मागे पडलेलं त्याहूनही जुनं बाहेर येतं. मग भंगारवाला येतो. त्याला कॉम्प्युटर नको असतो, त्याला त्यातलं तांबं आणि सोनं हवं असतं. सोनं जितकं महाग, तितका जुना प्रोसेसर वितळवण्याचा मोह मोठा.

आता तुम्ही म्हणाल, वितळला तर वितळला. तीस वर्षांपूर्वीच्या चिपचं करायचं काय? माझ्या खिशातला फोन तिच्यापेक्षा हजारो पटींनी वेगवान आहे. प्रश्न बरोबर आहे, आणि म्हणूनच तो नीट सोडवूया.

प्रोसेसरमध्ये सोनं असतंच कशाला?

सोनं गंजत नाही. प्रोसेसरच्या पिना सॉकेटमध्ये बसतात आणि तिथून अगदी कमी व्होल्टेजचे सिग्नल जातात. पिनेवर गंजाचा पातळ थर जरी आला तरी संपर्क बिघडतो. म्हणून पिनांना सोन्याचा मुलामा देतात. जुन्या सिरॅमिक चिपमध्ये याच्या जोडीला आत केसापेक्षा बारीक सोन्याच्या तारा असायच्या, वरचं झाकण सोनेरी असायचं आणि सिलिकॉनचा तुकडा तळाला चिकटवण्यासाठीही सोनं वापरलं जायचं.

पुढे तंत्र बदललं. सिरॅमिकच्या जागी प्लास्टिक आलं, तारांच्या जागी सोल्डरचे सूक्ष्म ठिपके आले आणि मुलामा पातळ होत गेला. त्यामुळे गंमत अशी झाली की चिप जितकी जुनी, तितकं सोनं जास्त. भंगाराच्या धंद्यात सगळ्यात लाडका प्रोसेसर म्हणजे इंटेलचा १९९५ चा पेंटियम प्रो. भलंमोठं सिरॅमिकचं आवरण, ३८७ पिना, आणि आत एकाऐवजी दोन खाचे: एकात प्रोसेसर, दुसऱ्यात त्याची कॅश मेमरी. पण या 'राजा'मध्येसुद्धा सोनं ग्रॅमच्या अंशातच मोजावं लागतं.

यूट्यूबवर प्रोसेसर अ‍ॅसिडमध्ये बुडवून सोनं काढण्याचे व्हिडिओ भरपूर आहेत. शेवटी चकाकणारा गोळा दिसतो, पण त्यासाठी किती किलो चिप लागल्या ते घाईघाईत सांगतात. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडच्या मिश्रणातून तपकिरी विषारी वाफ निघते, ती फुफ्फुसाची वाट लावते. उरलेलं अ‍ॅसिड मोरीत ओतलं की शिसं आणि तांबं पाण्यात जातं. दिल्लीचं सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातलं मुरादाबाद इथे अशा कामाची किंमत माणसं आणि नद्या दोघांनीही मोजली आहे. घरच्या बाल्कनीत हा प्रयोग करायचा विचार असेल तर आत्ताच सोडून द्या.

चिप हा एक कागद असतो

आता मुख्य मुद्दा. जुन्या चिपमध्ये असं काय आहे जे पुस्तकात किंवा कंपनीच्या कागदपत्रांत नाही?

१९९४ सालचं उदाहरण घ्या. अमेरिकेतले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या लक्षात आलं की इंटेलचा नवा कोरा पेंटियम काही भागाकार चुकीचे करतो. त्यातलं एक गणित पुढे प्रसिद्ध झालं: ४१९५८३५ भागिले ३१४५७२७. उत्तर १.३३३८२ यायला हवं, पेंटियम १.३३३७४ द्यायचा. आधी इंटेलने हे फार मनावर घेतलं नाही. मग इतका गदारोळ झाला की डिसेंबरमध्ये मागेल त्याला चिप बदलून द्यायचं जाहीर करावं लागलं आणि कंपनीने ४७.५ कोटी डॉलरचा खर्च हिशोबात दाखवला.

कारण काय होतं? भागाकार वेगाने व्हावा म्हणून चिपमध्ये एक तक्ता कोरलेला होता. आपण पाढे पाठ करतो तसंच काहीसं. त्या तक्त्यातल्या पाच जागा रिकाम्या राहिल्या होत्या. तीस वर्षं सगळीकडे हेच लिहिलं गेलं: पाच जागा.

डिसेंबर २०२४ मध्ये केन शिरिफ या अमेरिकन अभ्यासकाने जुन्या पेंटियमचं सिलिकॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून तो तक्ता प्रत्यक्ष मोजला. रिकाम्या जागा सोळा निघाल्या. त्यातल्या अकरा जागांपर्यंत भागाकार कधी पोचतच नाही, म्हणून त्या कुणाला जाणवल्या नाहीत. इतिहासातल्या सगळ्यात गाजलेल्या चिप-घोटाळ्याची नेमकी हकीकत तीस वर्षांनी कळली, तीही कुणीतरी ती सदोष चिप जपून ठेवली म्हणून. परत आलेल्या चिपपैकी काहींच्या तर इंटेलने कीचेन बनवल्या होत्या. आज संग्राहक त्या कीचेनही शोधत फिरतात.

दुसरं उदाहरण ६५०२ चं. सप्टेंबर १९७५ मध्ये मॉस टेक्नॉलॉजी कंपनीच्या चक पेडल यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका प्रदर्शनाच्या वेळी हा प्रोसेसर फक्त २५ डॉलरला विकायला काढला. इंटेल आणि मोटोरोलाच्या चिप तेव्हा शंभर डॉलरच्या वर होत्या. प्रदर्शनात विक्रीला बंदी होती, म्हणून हॉटेलच्या खोलीत काचेच्या बरण्या भरून चिप ठेवल्या. बरणीतल्या खालच्या बऱ्याच चिप चालणाऱ्या नव्हत्याच, फक्त माल भरपूर आहे असं दिसावं म्हणून ठेवल्या होत्या, असं पेडल यांनीच नंतर सांगितलं. याच चिपवर पुढे अ‍ॅपल १ आणि अ‍ॅपल २ उभे राहिले.

या ६५०२ च्या सुरुवातीच्या नगांत, म्हणजे १९७६ च्या मध्यापर्यंतच्या, आकडे उजवीकडे फिरवण्याची 'आरओआर' नावाची सूचना चालत नाही. वर्षानुवर्षं ती 'बग' म्हणून ओळखली गेली. पुढे १९७५ च्या चालू चिपवर मोजमाप केल्यावर दिसलं की ती बिघडलेली नाही, ती आत बसवलेलीच नाही. हे प्रत्यक्ष मोजून बघायचं तर त्या वर्षाची, चालू अवस्थेतली चिपच लागते.

कुणी म्हणेल, आता सगळ्यांचे इम्युलेटर आहेत, खरी चिप कशाला? पण इम्युलेटर बरोबर आहे की नाही हे कशाशी ताडून बघणार? खऱ्या चिपशीच. मूळ प्रत हरवली की नकलेतली चूक हीच खरी वाटायला लागते.

तुलना करायची तर कशाची?

प्रोसेसर गोळा करणाऱ्यांचा खरा आनंद चिप शेजारी शेजारी ठेवून बघण्यात असतो. आधी ट्रान्झिस्टरची संख्या बघूया:

- इंटेल ४००४ (१९७१): सुमारे २,३००
- इंटेल ८०८५ (१९७६): सुमारे ६,५००
- झायलॉग झेड-८० (१९७६): सुमारे ८,५००
- इंटेल ८०८६ (१९७८): सुमारे २९,०००
- एआरएम-१ (१९८५): सुमारे २५,०००
- इंटेल ३८६ (१९८५): सुमारे २,७५,०००
- इंटेल पेंटियम (१९९३): सुमारे ३१ लाख
- अ‍ॅपल ए-१७ प्रो (२०२३): सुमारे १९०० कोटी

४००४ पासून ए-१७ प्रो पर्यंत ८० लाख पटींहून जास्त वाढ. पण या यादीतली खरी गोष्ट मध्येच लपली आहे. १९८५ च्या दोन ओळी पुन्हा बघा. त्याच वर्षी आलेल्या इंटेल ३८६ पेक्षा एआरएम-१ मध्ये अकरा पटींनी कमी ट्रान्झिस्टर होते. ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी लहानशा टीमबरोबर तो बनवला. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप हातात आली. चाचणी घेताना फर्बर यांना वीज मोजणाऱ्या मीटरवर शून्य दिसलं. बघतात तर चिपला वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता! शेजारच्या जोडण्यांमधून झिरपणाऱ्या विजेवर ती बिनबोभाट चालू होती. तुमच्या फोनमधला प्रोसेसर याच घराण्यातला आहे. एक जीबी डेटा संपेपर्यंत रील्स बघूनही फोन हाताला चटका देत नाही, त्याची मुळं त्या शून्यावरच्या काट्यात आहेत.

तीच गत गिगाहर्ट्झची. २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम ४ चक्क ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत पोचला होता. आज दुकानदार फोनचे आकडे सांगतो तेही साधारण तेवढेच असतात. मग वीस वर्षांत काहीच झालं नाही का? झालं की. तो पेंटियम ४ सुमारे ११५ वॉट खायचा आणि त्याच्यावर छोटा पंखा घोंघावत असायचा. फोनची चिप काही वॉटमध्ये भागवते, तिला एकाहून जास्त कोअर असतात आणि प्रत्येक ठोक्याला ती जास्त काम करते.

'प्रत्येक ठोक्याला किती काम' हा मुद्दा जुन्या चिपवर फार सोपा कळतो. ६५०२ ची सगळ्यात छोटी सूचना २ ठोक्यांत होते, झेड-८० ची ४ ठोक्यांत. म्हणून १ मेगाहर्ट्झचा ६५०२ जास्त मेगाहर्ट्झच्या झेड-८० समोरही लाजत नव्हता. नुसता आकडा मोठा म्हणजे चिप भारी, हा गैरसमज पन्नास वर्षांपूर्वीच खोटा ठरलाय. नवीन फोन घेताना हे लक्षात ठेवलंत तरी पैसे वाचतील.

चिपवरचं लिखाण कसं वाचायचं?

समजा हातात एखादी जुनी चिप आली. घाई करू नका, आधी वाचा.

पहिली गोष्ट, तारखेचा कोड. बहुतेक जुन्या चिपवर चार आकडे असतात. पहिले दोन वर्षाचे, पुढचे दोन आठवड्याचे. ८६३२ म्हणजे १९८६ चा ३२ वा आठवडा. वर सांगितलेला 'आरओआर' नसलेला ६५०२ ओळखायला हाच कोड उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट, कॉपीराइटचं वर्ष म्हणजे बनवल्याचं वर्ष नव्हे. इंटेलच्या ८०८६ वर गोलातल्या 'सी' पुढे १९७८ लिहिलेलं असतं आणि विकणारा 'पहिल्या वर्षाची दुर्मिळ चिप' म्हणून भाव वाढवतो. प्रत्यक्षात ती कितीतरी वर्षांनी बनलेली असू शकते. यात भरपूर लोक फसतात.

तिसरी गोष्ट, इंटेलच्या पेंटियमसारख्या चिपवर 'एस' ने सुरू होणारा छोटा कोड असतो. एकाच नावाच्या चिपच्या वेगवेगळ्या आवृत्त्या त्यावरून कळतात. भागाकार चुकणारा पेंटियम यावरूनच ओळखला जातो. सीपीयू-वर्ल्डसारख्या साइटवर हे कोड शोधता येतात.

चौथी गोष्ट, बनावट माल. नव्वदच्या दशकात कमी वेगाच्या ४८६ आणि पेंटियमवरचे आकडे पुसून जास्त वेगाचे छापायचा धंदाच होता. आज जुन्या प्लास्टिक चिपचा वरचा भाग घासून, काळा रंग देऊन, लेझरने नवं नाव टाकतात. अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाने कोपऱ्यात हलकेच पुसून बघा. काळा रंग निघाला किंवा खाली घासल्याच्या रेघा दिसल्या, तर समजून जा.

आपल्या लॅबमधलं सोनं

महाराष्ट्रात इंजिनिअरिंग किंवा डिप्लोमा केलेल्यांना ८०८५ ची ओळख करून द्यायची गरज नाही. लाकडी किंवा पत्र्याच्या पेटीतला तो किट, कळफलकावर एकेक हेक्स कोड टाकायचा, लाल आकड्यांत उत्तर उमटायचं. एक कोड चुकला की पहिल्यापासून सुरू. आमच्या बॅचलाही हे चुकलं नाही. तेव्हा वाटायचं, २००० नंतर जन्मलेल्या पोरांना १९७६ ची चिप का शिकवतात? नंतर कोड लिहायला लागल्यावर कळतं की रजिस्टर, स्टॅक, इंटरप्ट हे शब्द तिथेच हाताला लागले होते.

या चिपच्या नावातला ५ सुद्धा एक गोष्ट सांगतो. आधीच्या ८०८० ला तीन वेगवेगळे व्होल्टेज लागायचे, ८०८५ ला फक्त ५ व्होल्ट. साधी वाटते, पण नासाने १९९७ मध्ये मंगळावर उतरवलेली सोजर्नर गाडी याच चिपच्या कमी वीज खाणाऱ्या आवृत्तीवर चालत होती. आपण ज्या चिपवर दोन आकड्यांची बेरीज करून जर्नल पूर्ण केलं, त्या जातीची चिप मंगळावर फिरली आहे!

आता अभ्यासक्रम बदलत आहेत, लॅबमध्ये नवे बोर्ड येत आहेत. ते यायलाच हवेत. पण जुने किट निर्लेखनाच्या यादीत जातात आणि 'ई-कचरा, इतके किलो' या एका ओळीत संपतात. त्यात सिरॅमिक आवरणाच्या, सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या चिप असू शकतात हे यादी करणाऱ्याला माहीत असायचं कारण नाही. हे फक्त तिथे शिकणारी मुलं आणि लॅब असिस्टंट काकाच सांगू शकतात.

याला आत्ताच महत्त्व का? कारण आपण पुन्हा चिप बनवायची भाषा बोलू लागलो आहोत. २ सप्टेंबर २०२५ ला दिल्लीत सेमिकॉन इंडियामध्ये 'विक्रम ३२०१' हा ३२ बिटचा प्रोसेसर पंतप्रधानांना देण्यात आला. इस्रो आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीने तो रॉकेटसाठी बनवला आहे. तो १८० नॅनोमीटरचा आहे हे वाचून अनेकांनी टिंगल केली, कारण फोनच्या चिप तेव्हा ३ नॅनोमीटरवर गेल्या होत्या. पण वरची तुलना आठवा. रॉकेटला रील्स एडिट करायच्या नसतात. तिथे थरथर, उष्णता आणि किरणोत्सर्ग सोसून चूक न करणं महत्त्वाचं असतं. कुठला आकडा कुठे महत्त्वाचा, ही समज जुन्या चिप हाताळल्या की आपोआप येते, आणि ती नसली की टिंगल सोपी वाटते.

काळ थांबत नाही

एप्रिल २०२४ मध्ये झायलॉगने कळवलं की मूळ झेड-८० ची ऑर्डर १४ जूनपर्यंतच घेतली जाईल. १९७६ पासून ४८ वर्षं बनत असलेली चिप. पॅकमॅन तिच्यावर खेळला गेला, झेडएक्स स्पेक्ट्रम तिच्यावर चालला. लिनक्सने ३८६ चा सपोर्ट २०१२ मध्येच काढला आणि २०२५ मध्ये ४८६ चाही काढायची तयारी सुरू झाली. याचा अर्थ, या चिप नव्याने मिळणार नाहीत आणि नवं सॉफ्टवेअर त्यांना ओळखणार नाही. जे नग शिल्लक आहेत तेवढेच.

सगळंच जपा असं माझं म्हणणं नाही. पेंटियम ४ किंवा कोअर २ ड्युओ लाखोंनी बनले, त्यांचा ढीग घरात ठेवून काही साधणार नाही. ते अधिकृत रिसायकलरकडे गेलेलेच बरे. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि नोंदणी असलेले रिसायकलर त्याच चौकटीत काम करतात. तिथे सोनं निघतं, पण कुणाच्या फुफ्फुसातून नाही.

म्हणून एवढंच करा:

- जुना कॉम्प्युटर किंवा बोर्ड देण्याआधी प्रोसेसरचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा आणि कोड शोधा.
- सिरॅमिक आवरण, सोनेरी झाकण किंवा १९९५ च्या आधीची तारीख दिसली तर ती चिप बाजूला ठेवा.
- काढताना ओढू नका. बोर्डासकट ठेवणं जास्त चांगलं, कारण चिप चालते की नाही हे बोर्डावरच कळतं.
- सुटी चिप काळ्या अँटी-स्टॅटिक फोममध्ये ठेवा. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, दमट हवेत पिना काळ्या पडतात.
- वाकलेली पिन पकडीने सरळ करू नका, तुटते. लीडच्या पेन्सिलचं रिकामं टोक पिनेवर बसवून हळूच सरळ करा.
- चिप कुठल्या मशीनमधली, कधीची, कुणाकडची हे चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा.
- कॉलेजमध्ये निर्लेखन होणार असेल तर एक चालू किट काचेच्या कपाटात ठेवायची लेखी विनंती विभागप्रमुखांना करा.

शेवटची चिठ्ठी सगळ्यात महत्त्वाची. सोन्याचा भाव उद्या वर जाईल, परवा खाली येईल, आणि वितळलेल्या सोन्याला कुठून आलं हे कुणी विचारत नाही. चिपला मात्र पहिला प्रश्न तोच विचारतात, आणि त्याचं उत्तर फक्त तुमच्या घरात असतं.